आमची मस्टँग अन् गोपालची सोयरीक

६ एप्रिल, रविवार, अमरावती

रविवार म्हणजे मस्टँगचा वार. आज रामनवमीही होती, दुकानात हाराईची मारामार, पण मी गोपालले म्हणलं, आधी गाडी. चोक ओढला, किल्ली फिरवली, तर नुसती खोकलून राहिली. गोपालनं बॉनेट उघडलं तर उंदरानं पुन्हा वायर कुरतडलेली. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, कापूर ठेवून पाहिला, तंबाखूची पुडीही ठेवली. अमेरिकेची वायर अमरावतीच्या उंदराले एवढी गोड काहून लागते, रामालेच ठाऊक. गोपालनं ती जोडली अन् मंग जे आठ सिलिंडर गरजले, समोरच्या काकू देवपूजा सोडून गॅलरीत आल्या. मले तेच पाहाचं असते, खोटं कायले बोलू.

अडुसष्ट सालची आहे. लाल, दोन दरवाज्याची, लांब नाकाची, डाव्या स्टिअरिंगची. अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठची होती. तवा आमचा फुलाईचा मळा पातूरच्या रस्त्याले होता. दसऱ्याले बाबा शेठच्या गाडीसाठी हार घेऊन जायचे, मी सोबत. मागच्या फाटकातून आत घेत. त्यायचा ड्रायव्हर म्हणे, "ए फुलवाल्या, हार लाव, पण गाडीले हात नोको लावू." हात न लावता हार कसा लावाचा, हे बाबानं त्याले कधी विचारलं नाही. पुढं शेठ गेले, पोरं परदेशात, गाडी सरकीच्या गोदामात सडत पडली. मी ती उचलून आणली. आज अमरावतीत फुलाईच्या डेकोरेशनमध्ये माहं नाव आहे, पण लोक मले ओळखतात ते 'मस्टँगवाला मनोज' म्हणून. रागिणी, म्हणजे माही बायको, गाडीले 'पाहुणी' म्हणते. काम काडीचं नाही अन् मान सगळा पाहिजे.

गाडी सांभाळणं सोपं नाही. आताचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खाते, कार्बोरेटर दर महिन्याले साफ करा, काही पार्ट अमेरिकेतून येते तोवर दुसरं काही बिघडते. अन् डाव्या स्टिअरिंगवर बसलं की समोरच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून गोपाल उजवीकडं बसते अन् मान बाहेर काढून सांगते, "जाऊ दे दादा," नाहीतर "थांब दादा." त्याच्याशिवाय मी एक बैलगाडीही ओलांडत नाही.

गोपाल माहा लहान भाऊ. आई-बाबा गेले तवा शाळेत होता. मीच वाढवलं, म्हणजे त्याच्या बापाच्या जागी मीच.

१४ एप्रिल, सोमवार

अकोल्याहून ताईचा फोन. तिच्या अश्विनचं लग्न अक्षयतृतीयेले आहेच, पण आज तिनं विषय काढला तो वरातीचा. म्हणे, भाच्याची वरात मामाच्या जिम्म्यावर असते. मी तिले पुढं बोलूच दिलं नाही. "ताई, अश्विन मस्टँगमध्ये बसून मांडवात येईन. अकोल्यानं अशी वरात पाहिली नसन." ताई रडली. भाऊजीनं, म्हणजे किसनरावनं, फोन घेतला अन् म्हणाले, "मनोज, इज्जत वाढवली राजा तू."

मंग त्यायनं दुसरी गोठ सांगितली, अन् ती वरातीहून मोठी आहे. शेंदूरजनाघाटचे पंजाबराव लग्नाले येऊन राहिले. संत्र्याचे मोठे बागाईतदार, भाऊजीचा त्यायच्याशी जुना धंदा. त्यायची पोरगी खुशी लग्नाची आहे. बँकेत लागली होती, सोडली, आता बापाच्या बागेचा हिशोब तीच पाहते. गोपालचा फोटो तिनं पाहिला अन् नाही म्हणाली नाही. लग्नात बापलेक गोपालले पाहतीन, चारचौघात कसा वागते ते.

गोपालचं आतापर्यंत जमलं नाही. पोरीवाल्याले नोकरी पाहिजे, पुण्याचा फ्लॅट पाहिजे. एका घरी तर पोरीची आई तोंडावर म्हणाली, "फुलवाल्याले दिली तर पोरगी जन्मभर सुईदोराच ओवीन." गोपाल तवा हसला होता. पण त्यानंतर तो कोणाच्या लग्नात जेवाले थांबत नाही, डेकोरेशन करते अन् निघून येते.

आज त्याले खुशीचं सांगितलं तर कान लाल झाले त्याचे. म्हणे, "दादा, मी काय बोलू तिच्याशी?" म्हणलं, "बोलू नोको लेका. मस्टँगजवळ उभा राह्य. गाडीच बोलीन."

२१ एप्रिल, सोमवार

काल गाडी हळू चालवून पाहिली, वरातीच्या चालीनं. ऊन मी म्हणून राहिलं होतं. राजकमल चौकातल्या गर्दीत इंजिनच्या गरमीचा काटा चढाले लागला. गोपाल म्हणे, "दादा, हे मोकळ्या रस्त्यावरची गाडी आहे. वरातीत तापन. रेडिएटरले वारा लागला पाहिजे." म्हणलं, "बॉनेटवर हात ठेवून बसतो का मंग, पंखा घेऊन?" घरी आल्यावर पुन्हा म्हणे, "वाटलंच तर नुसतं मांडवासमोर उभी ठेवू." मी म्हणलं, "उभीच ठेवाची असती तर गोदामात काय वाईट होती?"

त्याचं बरोबर असन. पण अश्विनले शब्द दिला आहे.

२९ एप्रिल, मंगळवार, अकोला

सकाळी निघालो, रस्ता सुनसान, गाडी लोण्यासारखी आली. ताईच्या गल्लीत पोट्टे मागं धावले. भाऊजीनं शेजाऱ्यापाजाऱ्याले हाका मारून मारून दाखवली. ज्या जिनिंगच्या मागच्या फाटकातून आत जायचो, त्याच्यासमोरून मी आज मुद्दाम दोन चकरा मारल्या. फाटक बंद होतं, पाहाले कोणी नव्हतं, तरी मारल्या.

संध्याकाळी डेकोरेशनले बसलो. उद्या विदर्भात लग्नच लग्न, झेंडू मिळत नाही, पण आपल्या मळ्यातला आपण राखून ठेवलेला. बॉनेटवर शेवंतीची चादर, दरवाज्याले गुलाब, अन् समोरच्या जाळीवर झेंडूची जाड गादी. मधातला मस्टँगचा पळता घोडा तेवढा उघडा ठेवला. अशी दिसली की मीच दूर जाऊन पाहात राहिलो.

गोपाल आला. जाळीले हात लावून म्हणे, "दादा, हे काढ. वारा बंद केला तू." म्हणलं, "मले फुलाईचं शिकवतं का आता?" चारजण उभे होते, सगळे हसले. तो मांडवाकडं निघून गेला.

१ मे, गुरुवार, अकोला

काल लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही.

वरात मारुतीच्या देवळातून निघाली. मी जोधपुरी घातलेला, मामाचा सोनेरी फेटा. अश्विन बाजूले बसलेला, मागं करवल्या. समोर डीजे, पोट्टे नाचून राहिले. अर्ध्या रस्त्यात गाडीच्या नाकातून वाफ निघाली अन् गाडी बंद पडली. मंग गोपालनं बॉनेट उघडलं अन् रेडिएटरचं झाकण खोललं. गरम पाण्याचा फवारा उडाला, त्याच्या उजव्या हातावर अन् गळ्यावर. गोपाल घाईखोर आहे, पहिल्यापासून. मी थांब म्हणेपर्यंत त्यानं फिरवलंही. माह्या खिशातलं फडकं होतं त्याच्या हातात. ते त्याच्याजवळ कसं गेलं काय माहीत.

बाया किंचाळल्या. डीजे बंद झाला. नवरदेव पायी मांडवात गेला. गाडी पोट्ट्याईनं ढकलत बाजूले नेली, झेंडू रस्त्यावर सांडत. कोणी कोणी मोबाइलमध्ये घेऊन राहिले होते. गोपालले दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चेहरा वाचला, नशीब समजा. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

लग्न लागलं. जेवणं झाली. मले मात्र सगळे पाहात होते असं वाटून राहिलं. पंजाबराव अन् खुशी जेवून निघून गेले. गोपालले भेटले की नाही, माहीत नाही.

नशिबात असते ते होते. मी काय करणार होतो.

४ मे, रविवार, अमरावती

ट्रकवर टाकून गाडी आणली. गल्लीतल्या लोकाईले म्हणलं, पंप गेला.

दुपारी भाऊजीचा फोन. शेंदूरजनाघाटवाल्याईनं नाही कळवलं. कारण नाही सांगितलं, नुसतं "जमत नाही" म्हणे. भाऊजीच पुढं म्हणाले, "कसं देतीन रे? सगळ्यायसमोर पोट्ट्यानं बह्याडपणा केला. जे माणूस उकळत्या गाडीचं झाकण खोलते, ते संसार काय सांभाळीन? तू नको म्हणत होता, तरी ऐकलं नाही त्यानं." मी हूं हूं करत राहिलो.

गोपाल बाजूच्या खाटेवर बसलेला, हात उशीवर. फोन स्पीकरवर नव्हता, पण भाऊजीचा आवाज मोठा. त्यानं सगळं ऐकलं असन. मी फोन ठेवला तर त्यानं माह्याकडं पाहिलं. मी उठून गाडीवर कव्हर टाकाले गेलो. कव्हर आधीच टाकलेलं होतं.

६ मे, मंगळवार

आज खरं लिहितो. कोणी वाचत नाही तरी मी खोटं लिहिलं, कमाल आहे माही.

काटा देवळातून निघतानाच वर जाऊन राहिला होता. मी पाहिला. गाडी थांबवून झेंडू काढला असता तर काही बिघडलं नसतं. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूले लोक, गच्चीवर बाया, अश्विन हात हलवून राहिलेला. मी म्हणलं, मांडव दिसतच आहे. मंग वाफ आली. गाडी बंद. समोरचे पोट्टे हसाले लागले. कोणी तरी ओरडलं, "मामा, गॅसवर चहा ठेवला का?" माह्या डोस्क्यात आग झाली.

गोपाल मागून धावत आला. त्यानं बॉनेट उघडलं, झेंडू ओरबाडून काढला अन् म्हणाला, "दादा, हात लावू नोको. थंड होऊ दे." हे त्यानं म्हणलं. मी नाही.

मी म्हणलं, "थंड व्हायले वेळ आहे का? मुहूर्त टळून राहिला. झाकण खोल, पाणी टाक." तो म्हणाला, "उडन." मी खिशातलं फडकं काढून त्याच्या अंगावर फेकलं. "खोल म्हणलं ना! का मी खोलू, हे कपडे घालून?"

कपडे. पांढरी जोधपुरी होती माही. डाग पडला असता.

त्यानं खोललं. माह्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही, उकळतं पाणी असो की काही.

मंग भाऊजी गर्दीतून धावत आले. "कोणी खोललं? कोण आहे हा बह्याड?" त्यायच्या बाजूले पंजाबराव, पांढरी टोपी, हात मागं बांधलेले. सगळे माह्याकडं पाहात. अन् माह्या तोंडातून निघालं, "मी नको म्हणत होतो याले. ऐकलंच नाही."

एवढं सोपं निघालं ते. गोपाल हात पोटाशी धरून वाकलेला होता. त्यानं मान वर केली, माह्याकडं पाहिलं, अन् पुन्हा खाली घातली.

मले मेल्याहून मेल्यासारखं होऊन राहिलं आहे.

१० मे, शनिवार

रागिणी गोपालची पट्टी बदलते अन् बदलता बदलता बोलते. "भाऊ, तुमचे दादा एवढं ओरडून सांगत होते, अन् तुमी काहून हो असं केलं?" गोपाल म्हणते, "चुकलं वहिनी." मी तथीच पेपर वाचत बसलेलो. त्या पानावर काय होतं, विचारलं तर सांगता येणार नाही.

डाव्या हातानं तो हार बांधून पाहते. गाठ बसत नाही.

आजकाल त्याले फोन येतात, तो गच्चीवर जाऊन बोलते. परवा खाली आला तर मी विचारलं, कोण होतं? म्हणे, "काही नाही दादा." अन् जरा वेळ माह्याकडं पाहात राहिला, कणव आल्यासारखा. चोराच्या मनात चांदणं. मले वाटलं, कोणाले तरी सांगून राहिला असन माहं. सांगू दे. सुटीन तरी.

१५ मे, गुरुवार

रागिणीले सांगाचं ठरवलं होतं. ती भाकरी थापून राहिली होती. मी म्हणलं, "ऐक ना, त्या दिवशी..." ती म्हणाली, "काय?" मी म्हणलं, "हेड गॅस्केट गेलं गाडीचं. हेडही वाकलं असन." ती म्हणे, "मले काय सांगता? पाहुणी तुमची."

बडनेऱ्याचा मिस्त्री हेड घेऊन गेला. मी मनात ठरवलं की गाडी दुरुस्त झाली की शेंदूरजनाघाटले जाईन अन् पंजाबरावले सगळं सांगीन. मिस्त्री म्हणाला, गॅस्केट बाहेरून मागवा लागते, किती दिवस लागतीन सांगता येत नाही. अन् काय सांगू, मले बरं वाटलं. उशीर होणार म्हणून बरं वाटलं! माफी मागाले जायले मस्टँगच पाहिजे, एसटीनं गेलं तर पंजाबराव ऐकून घेणार नाही जसे काही. थू माह्या जिनगानीवर.

उद्या-परवा एसटीनंच जातो.

१८ मे, रविवार

गेलो. कोणाले न सांगता. रागिणीले म्हणलं मोर्शीले ऑर्डर आहे, म्हणजे पुन्हा खोटंच.

पंजाबराव बागेत होते. संत्र्याची झाडं सुकून पानं गुंडाळलेली. मी म्हणलं, पाणी नाही का विहिरीले? ते म्हणाले, "पाणी भरपूर आहे. ताणावर सोडली. आता तहानली तर मृगाले फुलतीन." मले बसाले बाज टाकली. खुशी पाणी घेऊन आली अन् तथीच उभी राहिली.

मी खाली पाहून सगळं सांगून टाकलं. झेंडू मी लावला, काढू नको मी म्हणलं, झाकण खोलाले मी लावलं, अन् नाव त्याचं मी घेतलं. "पोट्ट्यात काही खोट नाही पंजाबराव. माह्या पापासाठी त्याले नाही म्हणू नोका."

खुशी बोलली. "मले मालूम आहे."

मी वर पाहिलं.

"तुमच्या मागंच उभी होती मी. खोल म्हणलं तेही ऐकलं, अन् मंग तुमी जे म्हणलं तेही ऐकलं. आमी गोपालले नाही म्हणलंच नाही."

पंजाबराव म्हणाले, "मनोजभाऊ, राग नोका मानू. पोरगी म्हणते, पोरगा सोन्यासारखा. पण ज्या घरचा मोठा माणूस सख्ख्या भावावर ढकलते, तो उद्या सुनेवर ढकलाले किती वेळ लावीन? मले काही उत्तर देता आलं नाही तिले."

कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं. मी एवढे दिवस समजून राहिलो की गोपालच्या बह्याडपणामुळं सोयरीक मोडली अन् खरं सांगितलं की जुळन. सोयरीक माह्यामुळं मोडली होती, सरळ माह्यामुळं.

मी म्हणलं, "तो वेगळा राहिला तर? मी आजच त्याले वेगळा काढतो. दुकान, मळा, अर्धा त्याचा."

बापलेकीनं एकमेकाकडं पाहिलं. खुशी म्हणाली, "तुमाले त्यायनं नाही सांगितलं? मी तेच विचारलं होतं फोनवर. दोनतीनदा विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, दादाले सोडून निघत नाही. दादा वाईट नाही, लाजला होता."

बागेत, परक्या लोकाईसमोर, मी रडलो. पंजाबराव दुसरीकडं पाहात राहिले. खुशी मात्र हलली नाही. म्हणाली, "मले सांगून काय फायदा? मले तर माहीतच होतं. ज्यायच्यासमोर खोटं बोलले, त्यायच्यासमोर खरं बोला. मंग पाहू."

१९ मे, सोमवार

घरी आलो तेच गोपालले म्हणलं, "तू वेगळा निघ. खुशीशी लग्न कर. मी शेंदूरजनाघाटले जाऊन आलो."

मले वाटलं तो पाया पडीन का काय. अशी अक्कल माही.

तो ओरडला. जन्मात पहिल्यांदा माह्यावर ओरडला. "एवढे दिवस तुह्या तोंडातून शब्द नाही फुटला, अन् आता मलेच घराबाहेर काढतं? तुले टोचून राहिलं म्हणून मी बिऱ्हाड उचलू? वेगळं घर कोणाले पाहिजे होतं रे? तू एकदा म्हणाचं होतं, 'मी म्हणलो होतो खोल'. इथं घरात. वहिनीसमोर तरी!"

रागिणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय म्हणले होते तुमी?"

मी सांगितलं. ती गोपालच्या हाताकडं पाहात राहिली, मंग आत गेली अन् दार लोटून घेतलं. मले वाटलं होतं भांडन. भांडली असती तर बरं झालं असतं.

२५ मे, रविवार

बाबाची पुण्यतिथी. ताई, भाऊजी, अश्विन अन् त्याची नवरी, अकोल्याचे सगळे आले. वरातीत होते तेच सगळे. पंगत बसली. मी बुंदीची बादली घेऊन वाढून राहिलो होतो, गोपाल पाणी वाढून राहिला होता. हात बरा झाला, पण कातडी गुलाबी अन् आखडलेली.

ठरवलं होतं जेवणं झाल्यावर बोलाचं. पण मी स्वतःले ओळखतो. जेवणं झाली असती तर म्हणलं असतं, पान खाऊ दे, मंग. म्हणून बादली तथीच खाली ठेवली अन् म्हणलं, "एक सांगाचं आहे. वरातीत झाकण गोपालनं आपल्या मनानं नाही खोललं. तो नको म्हणत होता. मी त्याले खोलाले लावलं. कपडे खराब होतीन म्हणून मी हात नाही लावला. अन् मंग तुमच्यासमोर खोटं बोललो."

पंगत थांबली. कोणी तरी खोकललं. भाऊजी म्हणाले, "जाऊ दे ना मनोज, झालं गेलं. बाबाच्या दिवशी कायले काढतं? बस, जेव." दोघंतिघं म्हणाले, हो, हो, बुंदी आणा इकडं. मले मोह झाला, शपथ सांगतो, बादली उचलून वाढाले लागायचा. लोक माफ कराले एवढे तयार असतात.

म्हणलं, "भाऊजी, तुमी त्याले बह्याड म्हणलं होतं. तो बह्याड मी आहे."

ताई जेवता जेवता उठली, खरकट्या हातानंच. गोपालच्या हातातला जग घेतला, त्याची बाही वर सारली अन् त्या गुलाबी कातडीवरून डावा हात फिरवत राहिली. "अन् मी तुले फोनवर काय काय बोलली रे," म्हणाली अन् रडाले लागली. गोपाल म्हणत राहिला, "ताई, जेव ना. ताई, पान सोडून उठू नोको."

जाताना तिनं रागिणीले जवळ घेतलं, गोपालले घेतलं. माह्याकडं पाहिलं नाही. अश्विन पाया पडाले वाकला तर मीच मागं सरकलो.

२८ मे, बुधवार

भाऊजीनंच पंजाबरावले सगळं कळवलं. आज पंजाबरावचा मले फोन आला. रविवारी चार माणसं घेऊन येऊन राहिले, सुपारी फोडाले. खुशी हो म्हणाली. म्हणाले, वेगळं निघाचं काही काढू नोका आता, पोरगी तुमच्याच घरात येते.

मी दुकानात धावत गेलो. गोपाल हार बांधून राहिला होता, उजव्या हातानं. सांगितलं तर सुई थांबली, कान लाल झाले. मंग तो हसला. आम्ही दोघं हसलो. मी म्हणलं, बैठकीची तयारी करतो, पोराकडून मोठ्या भावानं काय बोलाचं असते ते मले पाठ आहे, तुह्यासाठी कधीचं पाठ करून ठेवलं आहे.

त्यानं दोरा दातानं तोडला. "दादा, एक म्हणू? रागावू नोको. बैठकीत आपल्याकडून भाऊजीले बोलू दे."

"काहून?"

"तू माही तारीफ करशीन, अन् त्यायच्या घरचे एकमेकाकडं पाहतीन, हा तरी खरं बोलून राहिला का म्हणून. मले ते नाही पाहावणार."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणला असता तर मी दोन शब्द बोललो असतो.

मी हाव म्हणलं. बापाच्या जागी भाऊजी बसतीन. मी दाराजवळ बसीन, येणाऱ्याले पाणी देईन.